एकोडीचा गंज

“बाई, पण गंज कोणता काढू?” खुशालने तिसऱ्यांदा विचारलं.

“अहो, तो काय तिथे, सगळ्या मांडणीवर चढलाय. सगळाच काढा,” असं म्हणून सुलोचनाबाई आत पळाल्या. त्यांचं दूध उतू चाललं होतं.

खुशालने मागच्या अंगणातल्या लोखंडी मांडणीकडे पाहिलं. बाईंचं म्हणणं खरं होतं. गंज मांडणीवर चढलेले होतेच, लहान-मोठे, एकावर एक. त्याने एकेक करून सगळे खाली उतरवले, फरशीवर मांडले आणि डोकं खाजवत बसला. कारण त्यांत कल्हई चढेल असा एकही नव्हता. निम्मे अल्युमिनियमचे, निम्मे स्टीलचे. सुलोचनाबाई बाहेर आल्या तेव्हा मांडणी रिकामी, अंगणभर भांड्यांचं प्रदर्शन आणि मधोमध गोंधळलेला कल्हईवाला, असा देखावा होता.

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. सुलोचनाबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमानांची बदली जवाहरनगरच्या फॅक्टरीत झाली म्हणून त्या इकडच्या क्वार्टरमध्ये आलेल्या. त्यांच्याकडे लोखंडाला जे लाल-तांबडं चढतं त्याला गंज म्हणतात. भंडाऱ्याकडे त्याला जंग म्हणतात, आणि गंज म्हणजे ज्यात वरण शिजतं, दूध तापतं ते भांडं. पुण्या-साताऱ्याकडचे लोक त्याला पातेलं म्हणतात. खुशालने एक भांडं उचलून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाला, “बाई, हा गंज. आन मांडणीले लागला तो जंग.” सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांनी त्याला चहा दिला, सोबत बिस्किटं दिली. खुशालनेही मग आपलं काम नसताना पॉलिश कागदाने घासून मांडणीचा जंग काढून दिला.

खुशालला गोष्टी सांगायची भारी हौस. कल्हई अर्धी नवसागराने चढते आणि अर्धी गप्पांनी, असं तो म्हणायचा. पितळेची भांडी घरोघरी मागे पडत होती, स्टीलचा जमाना आला होता, तरी बायका त्याला बसवून घ्यायच्या त्या गप्पांसाठी. पण त्याचं खरं गिऱ्हाईक घरी होतं. त्याची बायको कुंताबाई. दोघंच होते, पोरबाळ नव्हतं. कुंताबाई उशिरा हसायची. गोष्ट संपून, पाणी पिऊन झालं की मग तिला हसू यायचं, आणि आलं की आवरायचं नाही. दिवसभरात मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट खुशाल तिच्यासाठी राखून ठेवायचा.

त्या दिवशीही तो तसाच निघाला. सायकलच्या मागे भाता, दांडीला कथलाची पिशवी आणि डोक्यात सुलोचनाबाईंची मांडणी. कुंताला कसं सांगायचं, साताऱ्याचा आवाज कुठे काढायचा, सगळं मनाशी घोळवत होता. वाटेत पोटात कळ आली म्हणून सायकल धानाच्या बांधीला टेकवून तो पळसाच्या आड गेला. याआधी दोन-चारदा थेंबभर रक्त दिसलं होतं. त्या दिवशी ते थेंबभर नव्हतं.

घरी आल्यावर कुंताबाईने रोजच्यासारखं विचारलं, आज काय नवीन? तो म्हणाला, काही नाही. गोष्ट सांगायची राहिली ती राहूनच गेली.

आता हे काही बायकोला सांगण्यासारखं दुखणं नव्हे, असं त्याला वाटलं. मूळव्याध असेल, असं त्याने आपलं आपणच ठरवलं. कोणीतरी सांगितलेल्या एका वैदूकडून पुड्या आणल्या आणि त्या लपवून तुपातून घेऊ लागला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा प्रकार वर्षभर चालला. पायजम्याची नाडी पुढे पुढे येत गेली. कुंताबाईला ते दिसत होतं. तिला वाटलं, माणूस उन्हातान्हात सायकल हाणतो, जेवण अंगी लागत नाही. मग तिने तिच्या परीने उपाय केला. त्याला आवडायचं ते जास्त वेळा करायचं. त्याला कढी आवडायची. चांगली आंबटढाण, वरून लसणाची फोडणी दिलेली.

ही कढी व्हायची ती एकोडीच्या गंजात. कुंताबाईचं माहेर साकोलीजवळचं एकोडी. लग्नात तिच्या आईने तिला पितळेचा एक गंज दिला होता, जाड काठाचा, गोल पोटाचा. काठावर टिपक्या-टिपक्यांनी आईचं नाव घातलेलं होतं, ‘जनाबाई, एकोडी’. आई गेली, मग कुंताबाईला माहेर म्हणून तो गंजच राहिला. मात्र तो आतून पिवळाधमक. साऱ्या जिल्ह्याच्या भांड्यांना कल्हई करणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हिरवट होतं, तोंड ओढतं, हे काय कुंताबाईला कोणी सांगायला नको होतं. ती खुशालच्या मागे लागायची. तो उद्या म्हणायचा. तो उद्या काही उगवला नाही, म्हणून ती कढी झाली की लगेच मडक्यात ओतून घ्यायची. बहुतेक दिवशी ओतायची. एखादे दिवशी विसरायची. माणूसच ते.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात खुशालचं पोट फुगलं. दोन दिवस वारासुद्धा सरेना, वर ओकाऱ्या. एकोडीहून कुंताबाईचा धाकटा भाऊ भोजराज धावत आला. त्याने वरठीच्या स्टेशनवरून गाडीत घालून भाऊजींना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याच्या शेवटाला गाठ होती. कॅन्सर. डॉक्टरांनी तेवढं आतडं कापून काढलं, खालची वाट बंद केली आणि पोटाच्या डाव्या बाजूला नवी वाट काढून दिली. भोजराजला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की गाठ काढली, पण ती आधीच यकृतापर्यंत गेली आहे.

खुशाल गुंगीत होता. कुंताबाई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसली होती. तिथून जाणारा एक तरुण डॉक्टर तिला पाहून थांबला. पुण्याकडचा होता, नवा होता, आणि नातेवाइकांना नीट समजावून सांगितलं पाहिजे असं मानणारा होता. तिने त्याला एकच विचारलं, हे काहून झालं असन?

डॉक्टर तिच्यासमोर चक्क उकिडवा बसला. “बाई, नेमकं कशामुळे ते आज कुणालाच सांगता येत नाही,” तो म्हणाला. “पण अलीकडे काही शास्त्रज्ञ म्हणायला लागलेत की हा एक प्रकारचा गंजच. प्राणवायूशिवाय आपण जगत नाही, पण त्याच प्राणवायूचा आतल्या पेशींवर गंज चढतो. शरीर तो पुसत असतं. एखाद्या जागी पुसायचा राहून जातो. वर्षानुवर्षं तसंच चालतं, आणि मग एक दिवस तिथे गाठ होते.”

पेशी कुंताबाईला कळल्या नाहीत. प्राणवायूही कळला नाही. तिने विचारलं, “गंजानं?”

“हो. गंजानंच म्हणा ना,” डॉक्टर म्हणाला. बाईला समजलं याचं त्याला बरं वाटलं. तिच्या खांद्याला हलकेच हात लावून तो पुढच्या पेशंटकडे गेला.

आतून पुसायचा राहिलेला गंज. वर्षानुवर्षं. त्यातलं एकेक अक्षर तिच्या चुलीवरच्या भांड्याला लागू पडत होतं. दुसरा अर्थ तिला माहीतच नव्हता. तो ज्याला माहीत होता तो आत गुंगीत पडलेला होता, आणि त्याने ती गोष्ट तिला सांगितलेली नव्हती.

कुंताबाई रडली नाही. तिने ती गोष्ट कोणाला सांगितलीही नाही. घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते हे की एकोडीचा गंज धानाच्या कोंड्याच्या पोत्यात खोल खुपसून ठेवला. बाजारातून खुशालसाठी स्टीलचं ताट, स्टीलची वाटी, स्टीलचा पेला आणला आणि त्याच्यासाठी लहानसं स्टीलचं भांडंही. आता त्याच्या अन्नाला पितळेचा वासही लागू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं. स्वतः मात्र ती जुन्याच पितळी ताटात जेवत राहिली. तिला आता कोणतं ताट वाईट होतं?

खुशाल घरी आला. पहिल्या दिवशी त्याच्यापुढे स्टीलचं ताट आलं. त्याने ते पाहिलं. बायकोपुढचं पितळेचं पाहिलं. चुलीवर एकोडीचा गंज नव्हता, फळीवरही नव्हता. पितळेवर जन्म काढलेल्या माणसाच्या घरात त्याच्या एकट्यापुरतं स्टीलचं ताट आलं, याचा अर्थ न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता. पोटावर अशी वाट असलेल्या माणसाची कोणालाही किळस येईल, त्यात तिचा काय दोष, असं त्याने स्वतःला समजावलं. तिला त्रास नको म्हणून तो ओसरीत बसून जेवू लागला. आपलं ताट आपणच घासू लागला. पोटावर बांधायची फडकी तर तो तिच्या हाती लागूच देत नसे. ती पहाटे उठायच्या आधी स्वतः न्हाणीत जाऊन धुऊन टाकायचा.

कुंताबाईने ते सगळं पाहिलं आणि तिलाही कळलं, म्हणजे तिला वाटलं की कळलं. यायले समजलं आहे. आपल्या हातानेच हे दुखणं चारलं, हे यायले माहीत आहे, म्हणून आता आपला हात नको झाला. बरोबरच आहे, असं तीही स्वतःला म्हणाली.

दोघंही एकमेकांवर एवढी माया करत होती आणि त्या मायेपायीच घरात तोंडातून शब्द निघेना. मला विचाराल तर माणसं भांडणाने जेवढी दुरावत नाहीत तेवढी अशा समजूतदारपणाने दुरावतात. खुशालकडे येणारे-जाणारे पुष्कळ होते, त्यांच्याशी तो अजून बोलायचा. डॉक्टरने मला नवीन तोटी बसवून दिली, म्हणायचा. लोक हसायचे. कुंताबाई आत ऐकायची. तिच्यासाठी म्हणून राखलेली गोष्ट मात्र आता एकही येत नव्हती.

धान निघालं. भोजराज नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला. आता तो भाऊजींना पाहायला वरचेवर येत असे आणि येताना उगाच मोठ्याने बोलत असे. त्या दिवशीही ओसरीत टेकल्या टेकल्या त्याने आतल्या बहिणीला हाक मारून सांगितलं, “बाई, नव्या तांदळाचा भात कर. आन आईच्या गंजात कढी कर. दिसत नाही कुठं तो गंज?”

कुंताबाई दारापर्यंत आली होती. ती तशीच पुन्हा आत वळली.

खुशालने भोजराजला जवळ ओढलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “तिले काही म्हणू नोको. माह्या दुखण्याचा विटाळ त्या गंजाले नोको लागाले म्हणून ठेवून देला तिनं. आईची निशाणी आहे. बराबर केलं.”

आवाज हलका होता, पण घर काही मोठं नव्हतं. कुंताबाई बाहेर आली. तिच्या हाताला कणीक होती.

“विटाळ?” ती म्हणाली. “तुम्ही असं समजून रायले?”

खुशालने मान खाली घातली. कुंताबाई मग त्याच्यासमोर, जमिनीवरच बसली आणि इतके महिने जे पोटात ठेवलं होतं ते एकदाच बाहेर आलं. “तुमचं ताट वेगळं केलं ते तुमच्या जिवासाठी. तुम्ही बेसूद होते तवा डाक्टरनं मले सांगतलं. गंजानं झालं म्हणे. सालोसाल गंज पुसाचा राहून जाते, आन मंग गाठ होते म्हणे. त्या गंजातली कढी म्याच तुम्हाले चारली. अंगी लागावं म्हणून अजून चारली. विटाळ कायचा? तुमच्या जिवावर म्या उठली.”

भोजराज बहिणीकडे पाहतच राहिला. खुशालने मान वर केली. मग त्याने विचारलं, “डाक्टर कुठचा होता?”

“पुण्याकडचा का कुठचा. मले अहो-जाहो करे.”

खुशालच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. त्याने डावा हात पोटावरच्या पट्ट्यावर दाबून धरला आणि तो हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते हसण्याचंच होतं असं काही नाही. कुंताबाई घाबरून उठली. त्याने तिचा कणकेचा हात धरला, खाली बसवलं आणि म्हणाला, “तुले एक गोष्ट सांगाची राहून गेली होती.”

आणि मग दीड वर्ष उशिरा त्याने ती सांगितली. साताऱ्याचा आवाज जिथे काढायचं ठरवलं होतं तिथेच काढला. मांडणी, तिच्यावर चढलेला गंज, खाली उतरवलेले सगळे गंज, आणि मधात बसलेला तो. भोजराज मांडीवर थाप मारून हसला. कुंताबाई हसली नाही.

“मंग डाक्टर जंगाचं सांगून रायला होता?” तिने विचारलं.

“त्यायच्याकडे जंगाले गंज म्हणतात.”

“माणसाच्या पोटात जंग कसा चढन? कोणत्या वायूनं चढते म्हणे तो.”

“वायू म्हणजे हवाच ना? हवा तर लागतेच वो. भाता मारला नाही तर कोळसा फुलत नाही. आन त्याच हवेनं तापलेलं पितळ काळंही पडते. तसंच काही असन आपल्या आतमंदी.”

“मंग सगळ्यायले काहून नाही होत?”

“ते त्या डाक्टरलेही नसन माहीत,” खुशाल म्हणाला.

कुंताबाईने पदराने डोळे पुसले, पण मान हलवली. आंबट तुम्हालाच आवडे, मला नाही, असं तिने त्याला समजावून सांगितलं. म्हणून त्याला झालं आणि तिला झालं नाही. तिने सगळा हिशेब लावून ठेवला होता. त्याने काहीही सांगितलं तरी तो आपलं मन राखण्यासाठी सांगतो, असंच तिला वाटत होतं.

“बरं, गंजानंच झालं असं धर,” खुशाल म्हणाला. “मंग पाप कोणाचं? कल्हई करा, कल्हई करा, तू म्हणे. उद्या करतो कोण म्हणे? कल्हईवाला मी का तू?”

हे तिला खरोखरच सुचलं नव्हतं. एवढे महिने तिने सगळा दोष एकटीने वाहिला होता आणि नवऱ्याच्या वाटचा नवऱ्याला दिलाच नव्हता. 

“गंज काढ,” तो म्हणाला. “आता उद्या नाही.”

कोंड्याच्या पोत्यातून गंज निघाला तेव्हा त्याच्या पोटात हिरवे डाग पडले होते. भोजराजने अंगणात पूर्वीच्याच जागी खड्डा उकरला, कोळसा टाकला, भाता लावला. पण कल्हईच्या आधी भांडं आतून घासावं लागतं, आणि ते हाताने होत नाही. गंजात रेती आणि चिंधी टाकायची, दोन पायांनी आत उभं राहायचं आणि कमरेतून गर्रकन इकडे, गर्रकन तिकडे फिरायचं. खुशालने जन्मभर हे नाचल्यासारखं केलं होतं. आता ते शक्य नव्हतं. भोजराजचे पाय आत मावेनात.

“चाल वो,” खुशाल बायकोला म्हणाला.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं ती त्याच्याबरोबर बाजाराच्या गावांना जायची. तो कथील लावायचा आणि ती भाता फिरवायची. गंजात मात्र ती कधी उभी राहिली नव्हती. तिने लुगडं घोट्यावर खोचलं, भिंतीला एक हात लावला आणि आईच्या गंजात पाय ठेवले. आधी ती बिचकत फिरली. मग रेती करकरू लागली आणि तिचं अंग आपोआप फिरू लागलं. खुशाल शेजारी पाटावर बसून सांगत होता, टाच दाब, काठाले घास. आणि अचानक तिला हसू फुटलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“तुम्ही सगळे गंज खाली उतरवले?” तिने विचारलं, आणि तिला पुढे बोलता येईना. ती भिंत सोडून दोन्ही हातांनी पोट धरून हसू लागली, गंज कलंडू लागला, खुशालने बसल्या जागेवरून तिचा हात घट्ट धरला. हसणं केव्हा थांबलं आणि रडणं केव्हा सुरू झालं ते भोजराजला कळलं नाही. तो उगाच कोळसा आणायला मागे गेला. खुशालने तिचा हात सोडला नाही.

गंज तापला. नवसागराचा पांढरा धूर उठला, खुशालला ठसका लागला, पण त्याने कापसाचा बोळा दुसऱ्या कोणाला घेऊ दिला नाही. कथलाची कांडी आतून टेकवली आणि कापसाने एका दमात फिरवली. पिवळं पितळ बुडापासून काठापर्यंत चांदीसारखं होत गेलं. जनाबाईंच्या नावाच्या टिपक्यांपाशी त्याने हात हलका केला. मग गंज पाण्यात बुडवला. तो चर्र करून वाजला आणि खुशाल पाटावर मागे टेकला. त्याचं सगळं अंग घामाने भिजलं होतं.

दुपारी त्या गंजात कढी झाली. कुंताबाईने ती मडक्यात ओतली नाही. तिने तीन पितळी ताटं घेतली, ओसरीत नाही तर आत चुलीपाशी मांडली. स्टीलचं ताट फळीवर उलटं पडलं होतं. खुशालने वाटी उचलली तर तिने त्याचा हात थांबवला.

“आधी मी,” ती म्हणाली.

तिला आंबट आवडायचं नाही. तरी तिने ती अख्खी वाटी, डोळे मिटून, एका घोटात रिकामी केली आणि तोंड असं काही वाकडं केलं की खुशालला पुन्हा पोट धरावं लागलं. मग तिने त्याची वाटी भरली. तो सावकाश प्यायला. दोन घोटांत त्याला जड झालं, पण त्याने ती वाटी संपवली.

त्यानंतर फडकी कुंताबाई धुऊ लागली. त्याने आढेवेढे घेतले, पण तिने ऐकलं नाही. बाईचं बाळंतपणात जे कोणी करतं ते मी तुमचं करते, असं तिने त्याला ठणकावलं. संध्याकाळी अंगणात बसून तो तिला गोष्टी सांगायचा. आता फिरणं नव्हतं, त्यामुळे त्या जुन्याच असायच्या. पण त्याला वाटलं होतं की त्याने तिला सगळ्या सांगितल्या आहेत, आणि निघाल्या तर कितीतरी न सांगितलेल्या. ती उशिरा हसायची.

माघाच्या शेवटी त्याचे डोळे पिवळे झाले. मग अंग पिवळं झालं. भोजराज येऊन गेला, जाताना बहिणीला यकृताचं सांगायचं म्हणून दारातच थांबला आणि तसाच निघून गेला. तिला सांगायची गरज नव्हती. खुशाल खाटेवर पडून आपला हात उजेडात धरून उलटासुलटा पाहत होता.

“पाह्य वो,” तो म्हणाला. “मीच पितळ होऊन रायलो. आता मले कल्हई लागते.”

कुंताबाईने तो हात आपल्या हातात घेतला. “उद्या करू,” ती म्हणाली.

खुशालला हसू आलं. तिला त्या वेळी आलं नाही. होळीच्या आदल्या दिवशी तो गेला.

कुंताबाई तिथेच राहिली. भोजराजने एकोडीला चल म्हणून पुष्कळ सांगितलं. ती चार दिवस जायची आणि परत यायची. गल्लीतल्या दोन घरची पोळी-भाजी करू लागली. एकटीपुरतं काय रांधायचं असतं, तरी चुलीवर एकोडीचाच गंज चढायचा. घासताना ती राख वापरायची, रेती नाही. बुडाला हात अगदी हळू फिरवायची. पण भांडं रोज वापरलं की कल्हई जाणारच. आधी बुडात नाण्याएवढा पिवळा ठिपका दिसला. तो वाढत वाढत तळहाताएवढा झाला. कढी करायची तिने बंद केली. नुसता भात, नुसतं दूध. तिच्या एकटीला तर आंबट तसंही नकोच होतं.

एके दिवशी दुपारी गल्लीत कल्हईची आरोळी आली. आता असे आरोळी देणारे फारसे उरले नव्हते. हा तुमसरकडचा होता, डोमा नावाचा, पिकल्या मिशांचा, खुशालला ओळखणारा. त्याने समोरच्या लिंबाखाली खड्डा केला. बायकांनी एखाद-दुसरं भांडं आणून टाकलं. कुंताबाई बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत गेली, गंज घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरला, पण हातातून सोडला नाही.

“काठाची जुनी राहू देता येते काय?” तिने विचारलं. “बुडाले तेवढी नवी मारा.”

डोमाने गंज आतून पाहिला. काठाजवळ अजून पांढरी चमक होती. नावाच्या टिपक्यांपाशी हात हलका झालेला त्याला दिसला असावा, कारण कोणाची कल्हई म्हणून त्याने विचारलं नाही.

“आगीवर ठेवला का सगळीच पातळ होते, बाई,” तो म्हणाला. “पण जुनी कुठं जात नाही. ते नवीत मिसळते. तिच्यावरच तर नवी धरते.”

कुंताबाईने काठाच्या टिपक्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग गंज त्याच्या हाती दिला. डोमाबरोबरचा गडी भात्याला हात घालत होता, त्याला तिने बाजूला सरायला सांगितलं. लुगडं सावरून ती खड्ड्यापाशी बसली.

“भाता माह्याकडे द्या,” ती म्हणाली, आणि फिरवू लागली.